दोन बोटांची जागा

काकांनी खटका वर केला आणि यंत्र बोलू लागलं. टुक्‌टुक्‌टुक्‌टुक्, मध्ये श्वाससुद्धा न घेता. काकांचा चेहरा उजळला. विद्यापीठाच्या भांडारात त्यांची सगळी नोकरी परत आलेल्या वस्तू स्वीकारण्यात गेली होती, आणि संशोधनाला जाऊन आलेली वस्तू कशी दिसते हे त्यांना पाठ होतं. दुर्बीण यायची ती एका डोळ्याने अधू होऊन. तंबू म्हणून जे यायचं त्यात दोऱ्या असायच्या, खुंट्या असायच्या, फक्त तंबू नसायचा. होकायंत्रं परत यायची तेव्हा त्यांना स्वतःची मतं झालेली असायची. आणि आज ही बाई आली होती. तिने यंत्र पिशवीतून काढून, फडक्याने पुसून टेबलावर ठेवलं होतं, शेजारी अँटेना ठेवली होती, कानाला लावायचे फोन तार गुंडाळून ठेवले होते. आणि काकांनी खात्रीसाठी तार जोडून पाहिली तर ते चक्क चालू होतं. "वा!" काका म्हणाले, "काय खणखणीत बोलतंय बघा! नाहीतर आमच्याकडे येतात ती सगळी वारलेली." आणि त्यांनी वहीत 'स्थिती : उत्तम' असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं.

ते यंत्र एका कोल्हिणीच्या गळ्यात तिने घातलेल्या पट्ट्याचा आवाज पकडायचं. काकांना काय सांगायचं? यंत्रांच्या जगात सगळंच उलटं असतं. कोल्हीण जिवंत असते, हिंडत असते, तेव्हा तिच्या गळ्यातला पट्टा सावकाश बोलतो. टुक... टुक... पेन्शनीत निघालेल्या माणसाची नाडी चालावी तसा. आणि पट्टा काही तास जागचा हलला नाही, की त्याचा ठोका दुप्पट होतो. जिवंतपणी संथ, आणि मेल्यावर घाई. पुस्तिकेत त्याला 'मृत्युसंकेत' म्हटलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, प्राणी मेला तरी हाच ठोका येतो आणि पट्टा गळ्यातून निसटून पडला तरी हाच येतो. दोहोंतलं काय ते यंत्राला कळत नाही; प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी.

"काका, बंद करू नका," ती म्हणाली.

"अहो, जमा झालं ते. आता ते तुमचं नाही, माझं आहे."

"मेलीय ती. नाहीतर पट्टा तरी पडलाय. इथेच जवळ कुठेतरी. एवढा मोठा आवाज लांबून येत नाही."

काकांनी यंत्राकडे पाहिलं. स्वतःच्या वस्तूवर संशय घेतल्यासारखं झालं त्यांना. "मेलीय? मग हे एवढं उत्साहात का आहे?"

शर्टाचं वरचं बटण तिला एकदम काचू लागलं. तिने बोट घालून गळा सैल केला. बोट सहज गेलं, दुसरंही गेलं. जाणारच. शर्ट आईने शिवलेला होता, आणि आईने शिवलेल्या कुठल्याही गळ्यात दोन बोटं जायचीच. गिऱ्हाईक कोणी असो, शाळेचा पोरगा असो की बँकेतला साहेब असो, माप घेताना आई टेप गळ्याभोवती फिरवायची आणि आत आपली दोन बोटं घालायची. "श्वासाला जागा नको का?" म्हणायची. मुलीसाठी शिवलेल्या कपड्यांना तर दोन बोटांच्या वर आणखी हिशेब असायचा. सगळं वाढत्या अंगाचं. लहानपणी तिच्या फ्रॉकच्या आत दुमडून शिवलेला दुसरा फ्रॉक असायचा. दर वर्षी आई एकेक दुमड सोडायची, आणि जुन्या रेषा झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या अंगावर दिसत राहायच्या. बुटांच्या टोकांना कापूस. शिवणीच्या आत ठेवतात त्या जास्तीच्या कापडाला शिवणारे लोक माया म्हणतात. आईच्या कपड्यांना ती इतकी असायची की आतून पाहिलं तर कपडा जाड दिसायचा. हा शेवटचा शर्टसुद्धा तसाच. "अगं आई, आता मी कुठे वाढणार आहे?" असं तिने विचारलं, तेव्हा आई मान वर न करता म्हणाली होती, "आडवी वाढशील. लग्नाचं नाव नाही, बसून अभ्यास. वाढशीलच."

पण कोल्हीण वाढत्या अंगाची होती. खरी गोम तिथेच होती, आणि आता यंत्र भरभर तेच सांगत होतं.

तिला समितीची खोली आठवली. क्षेत्रकार्य आणि उपकरणं यांसाठी संशोधकांना पैसे देणारी समिती. लांब टेबल, पाण्याचे पेले, आणि अध्यक्षांच्या जागी ते, ज्यांना सगळं विद्यापीठ 'कात्री' म्हणत असे. कात्री अत्यंत सौम्य माणूस होते. त्यांनी कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. ते फक्त कमी करायचे. शहराच्या कडेला राहणारे कोल्हे रात्री कुठे जातात, काय खातात, माणसांना कसे चुकवतात, हा तिचा विषय. तिने सहा पट्टे मागितले होते. कात्रींनी चष्मा वर केला. "संशोधक किती आहेत?" "मी एकटीच, सर." "मग पट्टा एक पुरे." "सर, पट्टे कोल्ह्यांना घालायचे आहेत." "ते समजलं हो. पण एक कोल्हा नीट पाहिलात तर बाकीचे साधारण तसेच असणार ना?" टेबलाभोवती माना हलल्या. शास्त्रातले मोठमोठे प्रश्न तिथे असे माना हलवून सुटत. मग आली ती पट्ट्याची गळसोड. पट्ट्यात एक छोटी कळ बसवून मिळते; ठरलेल्या मुदतीनंतर ती आपोआप उघडते आणि पट्टा गळून पडतो, म्हणजे जनावराला तो जन्मभर वागवावा लागत नाही. पट्ट्यापेक्षा कळ महाग. "म्हणजे वस्तू पडावी म्हणून वेगळे पैसे?" कात्री खरोखर चकित झाले होते. "आमच्या वेळी वस्तू आपणहोऊन पडायच्या." सगळे हसले. तीही हसली. ते हसणं तिला पुढे फार दिवस पुरलं. रात्री पडल्या पडल्या ती ते काढून बघायची, दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तशी.

काका भांडाराला कुलूप लावत होते. यंत्र एकदा जमा झाल्यावर भांडारपालाच्या ताब्यातून बाहेर जाऊ शकत नाही, हा नियम होता. भांडारपालाने स्वतः बाहेर जाऊ नये, असा मात्र नियम नव्हता, हे काकांनी आपल्या आपण शोधून काढलं होतं आणि त्या शोधावर ते जरा खूश होते. त्यांनी यंत्राचा पट्टा गळ्यात अडकवला, पोटावर यंत्र टेकवलं, दारावर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली. "अँटेना तुम्ही धरा. ती हलकी आहे. हरवली तरी मी म्हणेन माझ्यासमोर हरवली."

मागच्या फाटकातून ती दोघं बाहेर पडली. ऊन चांगलंच तापलेलं होतं. ती अँटेना छातीसमोर आडवी धरून हळूहळू वळायची, जिकडे आवाज मोठा होईल तिकडे दोन पावलं टाकायची, पुन्हा वळायची. काका तारेच्या लांबीइतक्या अंतरावरून, लहान मुलाला फिरायला न्यावं तसे, मागे मागे. एका गॅलरीतून कपडे वाळत घालणाऱ्या बाईने वाकून विचारलं, "काय हो, टीव्ही लागत नाही का?" "कार्यालयीन काम आहे," काका म्हणाले. बाईने घाईने आपले कपडे आत घेतले.

"ती बारीक होती, काका," तिने न विचारताच सांगितलं.

"कोण?"

"कोल्हीण. पट्टा घातला तेव्हा. पुरती वाढलेली नव्हती. सोडून द्यायला हवी होती मी."

"मग नाही सोडलीत?"

"आर्थिक वर्ष संपत होतं."

"हां," काका म्हणाले. आर्थिक वर्ष संपणं म्हणजे काय, हे त्यांना भांडारातल्या अनुभवाने माहीत होतं. खर्च झाला नाही तर पैसे परत जातात, आणि परत गेलेले पैसे, तंबूंच्या उलट, पुन्हा कधीही दिसत नाहीत.

महिनाभर तिने टेकडीमागच्या पडीक जागेत पिंजरा लावला होता. आमिष म्हणून उकडलेली अंडी. त्या अंड्यांवर हिशेब तपासनिसांनी पुढे शेरा मारला होता की, अंडी ज्यांना दिली त्यांच्या सह्या जोडलेल्या नाहीत. पिंजऱ्यात मांजरं आली, एक मुंगूस आलं, एकदा अंडी खाऊन झोपी गेलेला एक माणूस आला. आणि शेवटी, पैसे परत जायच्या बेतात असताना, पहाटे ही आली. कान अंगापेक्षा मोठे. पाय लांब, छाती अरुंद. डोळ्यांवर फडकं टाकल्यावर ती एकदम गप्प झाली, फक्त बरगड्या तेवढ्या शिलाई मशीनच्या सुईसारख्या खाली-वर, खाली-वर. तिने पट्टा तिच्या गळ्याभोवती आवळला आणि आत दोन बोटं घातली. पुस्तिकेतही दोन बोटंच लिहिली होती. जगातल्या सगळ्या पुस्तिका कोणा आईला विचारून लिहितात की काय कोण जाणे. बोटांना केसांखालची गरम कातडी लागली, नाडी लागली. बुटांच्या टोकांना कापूस घालतात तशी काही सोय गळ्याला नसते. फार सैल ठेवला तर पुढचा पाय त्यात अडकतो. घट्ट ठेवला तर जनावर वाढतं, पट्टा वाढत नाही. तिने भोकं मोजून एक जास्त सोडलं. मग सोडून दिलेली कोल्हीण थोडी पळाली, थांबली, मागे वळली आणि मान झटकली. आईच्या हातून नवा कपडा घालून घेतल्यावर ती स्वतः झटकायची, अगदी तशी.

तरी पट्ट्याला कळ नव्हती असं नाही. कळ होती, पण ती आईने केलेली होती. कळीला पैसे मिळाले नाहीत, तर गरीब संशोधक दुसरी युक्ती करतात, आणि ती तिला ठाऊक होती. पट्ट्याची दोन टोकं एकमेकांना न जोडता मध्ये कापडाचा तुकडा घालायचा आणि तो सुती दोऱ्याने शिवायचा. पाऊस, घाम, चिखल यांनी दोरा एका पावसाळ्यात कुजतो आणि पट्टा गळून पडतो. ती पट्टा घेऊन आईकडे गेली. आई मशीनवर होती. मशीन खिडकीखाली, खिडकीत दोन रिळं: एक सुती, एक नायलॉनचं. आईने चामडं हातात घेऊन वास घेतला, वाकवून पाहिलं. "कोणाच्या गळ्याचं म्हणालीस?" "कोल्हिणीच्या." "माप?" सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे उसवायसाठी शिवायचं."

"हो."

"अगं, लोक माझ्याकडे उसवलेलं घेऊन येतात. इतक्या वर्षांत 'उसवेल असं शिवा' म्हणत तूच आलीस."

"आई, सुती दोराच घाल हं. साधा. एकच शिलाई. आणि जोर लावू नकोस."

"मला शिकव आता," आई म्हणाली.

दादा तेव्हा जेवत होता. त्याने तिथूनच सांगितलं, "आईनं जन्मभर माणसांचे कपडे शिवले, आता कोल्हिणीचं पोलकं. हिची पदवी होईस्तोवर आपलं घर जंगल होणार." आई हसली. दादा हा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त शिकून इतकी वर्षं झाल्यावरही माणूस शिकतच कसा राहतो, ते कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते अलीकडे कळेनासं झालं होतं.

पट्टा शिवताना तिने पाहिला नाही. सकाळी तो कागदात गुंडाळून तयार होता आणि ती घाईत होती. आईच्या हातचं उसवलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. आई शिलाईच्या शेवटी मशीन मागे-पुढे फिरवायची, मग दोऱ्याला गाठ, गाठीवर गाठ, आणि मग दातांनी तोडायची. शर्ट फाटायचा, गाठ तशीच राहायची. अशा बाईने कच्चं शिवलं असेल? हात तयार झाला असेल का त्याला? की रात्री एकटीने मशीनवर बसल्यावर तिला वाटलं असेल, जाऊ दे, पोरीला काय कळतंय, गळ्यातली वस्तू मध्येच सुटून पडली तर हिचं शिक्षण बुडेल. आणि नायलॉनचं रीळ उचललं असेल? नायलॉन कुजत नाही. कोल्हीण कुजली तरी नायलॉन कुजत नाही.

"डावीकडे," ती म्हणाली. काका डावीकडे वळले.

पावसाळा गेला, पट्टा पडला नाही. थंडी आली. टेकडीवर जायला मोटार मिळेना. क्षेत्रकार्याचा दुसरा हप्ता 'विचाराधीन' होता. ती सरांकडे गेली. सर तिचे मार्गदर्शक, मनाने चांगले. त्यांच्या खोलीत सगळ्या खुर्च्यांवर पुस्तकं असल्यामुळे विद्यार्थी उभे राहत आणि अडचणी थोडक्यात सांगत. "सर, तिला परत पकडून पट्टा काढायला हवा. ती वाढली असेल." सर म्हणाले, "लिहून दे." तिने लिहून दिलं. समितीने विचारलं की, जे उपकरण चांगलं चाललं आहे ते काढण्यासाठी खर्च का करावा? वार्षिक तपासणीला आलेल्या मंडळींनी तर पट्टा प्रत्यक्ष पाहायला मागितला होता. पट्ट्यावर विद्यापीठाचा शिक्का आणि क्रमांक कोरलेला होता, त्यामुळे कोल्हीण जिथे जाईल तिथे विद्यापीठाची मालमत्ता म्हणूनच वावरत होती. ती कोल्हिणीला घेऊन का येत नाही, याची तिने लेखी कारणं दिली. आणि गेल्या महिन्यात सरांनी, खुर्चीवरची पुस्तकं उचलून तिला बसायला सांगितलं, तेव्हाच ती समजली. "मुदतवाढ नाही म्हणाले. बघ, एका कोल्हिणीवर प्रबंध होत नाही गं. फार तर चरित्र होतं." हे बोलून सरांनाच इतकं वाईट वाटलं की ते उठून खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडीच होती.

पण हे सगळं नंतरचं. मध्ये आई होती. मध्ये रुग्णालयाची ती खोली होती, पोटाच्या दुखण्याने आई रोज थोडी लहान होत चाललेली, आणि अंगावर रुग्णालयाचा झगा, ज्याचा गळा कोणीतरी बिनमापाने कापला होता. आईने पहिल्या दिवशी तो बोटांनी चाचपून "शिवणाऱ्याला पैसे दिले असतील का याचे?" असं विचारलं होतं. एक दिवसाआड ती विचारायची, "पडला का गं?" पट्ट्याबद्दल. बाकी कशाबद्दल विचारायचं तिने बंद केलं होतं. "अजून नाही." "पडेल." पुन्हा, "पडला का?" "नाही, आई." "पडेल." आणि मग एका दुपारी, आईचे ओठ कोरडे, खिडकीत ऊन, दादा औषधं आणायला खाली गेलेला, आईने विचारलं, "पडला का?" आणि ती म्हणाली, "हो. पडला." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस जास्तीचं बोलतो, तशी ती पुढे म्हणाली, "परवाच पडला. ओढ्याकाठी सापडला मला."

आईने डोळे उघडले. "कुठून उसवला?"

"जोडावर."

"हं," आई म्हणाली, आणि तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ बघत राहिली. ते बघणं कसलं होतं? तिने ते मनात किती वेळा पुढे-मागे फिरवून पाहिलं होतं, आणि दर वेळी ते वेगळं निघायचं. आईने सुती दोरा घातला असेल, तर ते आपलं शिवलेलं आयुष्यात पहिल्यांदा उसवलं म्हणून बघणं होतं. आणि आईने नायलॉन घातला असेल, तर आईला त्या क्षणी कळलं असणार की पोरगी खोटं बोलते आहे. मरत्या माणसाशी खोटं बोलते आहे. विचारता येत नव्हतं. 'आई, दोरा कुठला होता?' असं विचारणं म्हणजे 'मी खोटं बोलले' असं सांगणं. तिसऱ्या दिवशी आई गेली. मशीन दादाने पुढे शेजारच्या बाईंना देऊन टाकलं. त्यांची मुलगी शिवण शिकत होती, आणि आपल्या घरात जागा नव्हती. दोन्ही रिळं मशीनबरोबरच गेली. खिडकीखाली फरशीवर चार पायांचे चार डाग राहिले. वहिनीने त्यावर सतरंजी घातली, पण पायाला ते सतरंजीतूनही लागायचे.

त्यानंतर तिने यंत्रावर कोल्हिणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकला की मोजल्यासारखं एकच वाटायचं: अजून वाढते आहे. अजून दोन बोटं आहेत. आता दीड असतील. आता एक. जेवताना घास गिळताना ती मध्येच थांबायची.

आवाज आता इतका मोठा झाला होता की काकांनी तो कमी केला. धुलाईकेंद्राच्या मागची बोळ. वाफेचा, साबणाचा वास. एका बाजूला मोटारी दुरुस्त करणाऱ्यांचं आवार, दुसऱ्या बाजूला पडकी भिंत, भिंतीशी जुनी टायरं रचलेली आणि खाली कोरडं गटार. इतक्या जवळ राहत होती ही. टेकडीवरून कधी खाली उतरली, कुठल्या रात्री, कोणाच्या घरावरून, ते प्रबंधात यायला हवं होतं. ती अँटेना खाली ठेवून वाकली. आधी वास घेतला. मेलेल्या जनावराचा वास तिला ओळखता येत होता. साबणाच्या वासामुळे काही कळेना. टायरांच्या मागे अंधार होता.

"मी बघू का?" काका म्हणाले.

"नको."

"ताई," काका म्हणाले. सकाळपासून ती मॅडम होती, आता ताई झाली. "मेली असली तरी तुमच्यामुळे मेली असं नाही. जनावरं मरतात."

तिने हात आत घातला. धूळ, काच, ओलसर पानं. मग चामडं. ती तशीच थांबली, चामड्यावर बोट ठेवून, पुढे चाचपडायचा धीर होईना. पुढे केस लागणार होते, थंड. मग तिने चामडं ओढलं, आणि ते आलं. एकटं आलं. हलकं, मोकळं, पोटात काही नसलेलं.

उजेडात तिने ते दोन्ही हातांवर धरलं. पट्टा जोडावर सुटला होता. आतल्या अंगाला तांबूस केस चिकटले होते, आखूड, झिजलेले, रक्त नव्हतं. कापडाचा तुकडा एका टोकाला लोंबत होता, आणि शिवणीच्या जागी नुसती भोकं होती, ओळीने, सारख्या अंतरावर. आईची भोकं, फूटपट्टी न लावता सरळ. भोकांत दोऱ्याची तुसं उभी होती. तिने एक तूस नखाने धरलं. त्याचा भुगा झाला. नायलॉन असा मरत नाही. तिने दुसरं टोक पाहिलं, जिथे शिलाई अजून थोडी शिल्लक होती. शेवटच्या टाक्यापर्यंत बोट नेलं. तिथे गाठ नव्हती. मागे-पुढे नव्हतं. दोरा नुसता सोडून दिलेला होता, मोकळा, दातांनी न तोडलेला. तिने सांगितलं तसं. साधा, एकच शिलाई, जोर न लावता.

म्हणजे आईला ते खरं वाटलं होतं. 'कुठून उसवला' हे तिने कारागिराने विचारावं तसं विचारलं होतं, आणि 'जोडावर' म्हटल्यावर तिचं समाधान झालं होतं, किंवा झालं नव्हतं, ते नुसतंच तिच्या हातचं पहिलं उसवलेलं होतं. आणि ते उसवलेलं आहे असं समजून आई गेली होती, तेव्हा ते उसवलेलं नव्हतं. तेव्हा ते टेकडीवर कुठेतरी, अंधारात, तिच्या हातच्या बाकीच्या सगळ्या शिवणींसारखं घट्ट होतं. तिने पट्ट्याची दोन टोकं एकत्र धरून गोल केला आणि आत दोन बोटं घातली. जागा किती उरली होती ते आता सांगता येण्यासारखं नव्हतं. गळा नव्हता.

कोल्हीण कुठे होती? कदाचित टायरांच्या मागून आत्ता तिच्याकडे बघत असेल, कदाचित टेकडीपलीकडे गेली असेल. आता ती कुठे आहे हे कोणत्याही यंत्राला कधीही कळणार नव्हतं.

परतताना एक गंमत झाली. ती पट्टा हातात घेऊन चालत होती, आणि अर्ध्या वाटेवर यंत्राचा ठोका एकदम मंदावला. टुक... टुक... टुक... काका थबकले. त्यांनी पोटावरच्या यंत्राला हलकेच थोपटलं.

"ताई, बरी झाली वाटतं."

"हलतोय ना तो. माझ्या हातात. त्याला वाटतंय कोणीतरी घातलाय."

"मग वाटू दे," काका म्हणाले.

भांडारात काकांनी 'जेवणाची सुट्टी' पाटी काढली, जेवले मात्र नाहीत. पट्टा टेबलावर ठेवला, चष्मा लावून क्रमांक जुळवला. जुळला. मग पट्टा उलटा करून त्यांनी सुटलेला जोड पाहिला आणि लेखणी हातातच धरली. "आता बघा हं. यंत्र : उत्तम. अँटेना : उत्तम. पट्टा... हा तर तुटलेला आहे. 'नादुरुस्त' लिहिलं तर कागद समितीकडे जाणार. कात्रीसाहेब विचारणार, वस्तू कशी तुटली, कोणाच्या हलगर्जीपणामुळे. सगळं परत केल्याचा तुमचा दाखला अडकणार. पुन्हा तेच सगळं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू भिंती समितीच्या सभासद होत्या, आणि पट्टा हळूच तिच्याकडे सरकवला. "हा आज मी पाहिलाच नाही. घरी न्या, दोन टाके घालून उद्या आणा. चांगले घट्ट घाला म्हणजे झालं. मी लिहितो उत्तम." ती पट्ट्याकडे नुसती बघत राहिली तेव्हा त्यांना वाटलं, तिला कळलं नाही. "दोनच टाके हो. घरी शिवणारं कोणी नाही का?"

तिने पट्टा उचलला. यंत्र सावकाश बोलत होतं.

"होतं," ती म्हणाली.